बाईंना विचारा : काचेवरचा तो वळून बघणारा कोळी

मागच्या अंकात पालीविषयी लिहिलं आणि पत्रं आली ती कोळ्याची. त्यातही बहुतेकांच्या नजरेसमोर एकच कोळी : नखाएवढा, बुटका, केसाळ, दोन पावलं चालून थांबणारा आणि मध्येच टुणकन उडी मारणारा. ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे तेव्हापासून हा माझा लाडका, त्यामुळे यावेळची सगळी जागा त्यालाच. पत्रं थोडी छाटली आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : बाई, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर एक छोटा कोळी रोज असतो. मी जवळ गेले की गर्रकन वळून माझ्याकडे तोंड करतो. मी डावीकडे सरकले की तोही तिकडे वळतो. खरंच बघतो, की मला भास होतो? सासूबाई म्हणतात झाडूने काढून टाक, विषारी असेल. (गृहिणी, जुळे सोलापूर)

भास अजिबात नाही. तो तुमच्याकडेच बघतो.

त्याला डोळे आठ. चेहऱ्यावर समोर चार, त्यांतले मधले दोन चांगले मोठे. उरलेले चार डोक्यावर, जरा मागे आणि बाजूला. बाजूच्या डोळ्यांचं काम हालचाल टिपण्याचं, आणि त्यांच्या जोरावर जवळजवळ चारही दिशांना त्याचं लक्ष असतं. तुम्ही ओट्यापाशी हललात की त्या डोळ्यांना कळतं. मग तो अंग वळवून मधले दोन मोठे डोळे तुमच्यावर रोखतो, कारण आकार आणि बारकावे समजतात ते त्यांनाच.

गंमत पुढेच आहे. या मोठ्या डोळ्यांची भिंगं डोक्याच्या कवचात पक्की बसलेली असतात, ती हलत नाहीत. भिंगामागे एक लांबट नळी आणि तिच्या टोकाला पडदा. हा पडदा इतका अरुंद की एका वेळी समोरच्या दृश्याची जेमतेम एक पट्टी दिसावी. म्हणून आतले स्नायू ती नळीच इकडेतिकडे फिरवतात. आमच्या उत्तर कसब्यातल्या माळवदाच्या घरांना छोटे झरोके असायचे. रस्त्यावरची मिरवणूक बघायची तर झरोका काही हलत नसे, आपणच त्याच्यामागे वाकून, सरकून बघायचो. तसंच हे. कोळी काचेवर दगडासारखा बसलेला दिसतो तेव्हा आत त्याची नजर तुम्हाला पट्टी-पट्टीने वाचत असते.

अंतराचा अंदाज तर त्याहून नामी. जपानमधल्या ओसाका शहरातल्या संशोधकांनी 2012 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोळी होता हसारियस अडान्सोनी, आपल्याकडेही घराघरांत सापडणारा. त्याच्या पडद्याला एकाखाली एक असे चार थर असतात. खालचे दोन्ही थर हिरवा प्रकाश टिपणारे, पण प्रतिमा एकावर स्पष्ट पडते आणि दुसऱ्यावर नेहमी धूसर. किती धूसर, यावरून भक्ष्य किती लांब आहे ते त्याला कळतं. संशोधकांनी हिरवा प्रकाश काढून फक्त तांबड्या प्रकाशात त्याला शिकार करायला लावली, तेव्हा त्याच्या उड्या आखूड पडायला लागल्या. हा प्रयोग मी वर्गात सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

उडीचंही थोडं सांगते. कोळ्याच्या पायाच्या काही सांध्यांना पाय दुमडायचे स्नायू आहेत, सरळ करायचे नाहीत. सरळ करण्याचं काम अंगातल्या द्रवाचा दाब करतो. उडीच्या क्षणी हा दाब मागच्या पायांत एकदम वाढतो आणि तो स्वतःच्या लांबीच्या अनेक पट लांब जाऊन पडतो. मेलेला कोळी पाय पोटाशी घेऊन पडलेला असतो ना, त्याचंही कारण तेच : दाब गेला की पाय मिटतात. उडी मारायच्या आधी तो मागे रेशमाचा एक धागा चिकटवून ठेवतो. नेम चुकला तर खाली पडत नाही, लोंबकळतो आणि धागा धरून परत वर येतो. जरा वेळ काढून बघा, हे काचेवर फार छान दिसतं.

आता सासूबाईंचा मुद्दा. विष जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना असतं, पण याचं विष माशी-डासाच्या मापाचं आहे. माणसाला त्याचा धोका नाही. मुठीत दाबला तर चावेल कदाचित, पण आपण होऊन अंगावर येत नाही. आणि झाडू फिरवायचाच असेल तर छताच्या कोपऱ्यांत फिरवा. जळमटं करतात ते बारीक अंगाचे, काडीसारख्या लांब पायांचे कोळी, धक्का लागला की जाळ्यात थरथरणारे. तुमचा काचेवरचा पाहुणा जाळं विणतच नाही. रेशीम वापरतो ते उडीच्या दोरासाठी, रात्री झोपायच्या पिशवीसाठी आणि मादी असेल तर अंड्यांसाठी. घर घाण करण्याचा आरोप त्याच्यावर टाकता येणार नाही, हे सासूबाईंना माझ्या नावाने सांगा.

प्रश्न : नातवाच्या मानेवर रात्रीत लाल पट्टा उठला, वर बारीक फोड, आग आग होते म्हणतो. शेजारीण म्हणाली कोळी मुतला. तुम्ही सांगता तो उडी मारणारा कोळी असं करतो का? काय लेप लावावा? (एक आजी, शेळगी)

आजी, कोळी बिचारा नाहक बदनाम आहे. कोळ्याला आपल्यासारखी पातळ लघवीच नसते. त्याच्या अंगातून बाहेर पडतो तो घट्टसर पांढरट ठिपका, भिंतीवर दिसतो तो. त्याने कातडी भाजत नाही.

पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती एक लांबट, मुंगीपेक्षा थोडा मोठा किडा येतो. डोकं काळं, मधलं अंग नारिंगी, पाठीवर आखूड निळसर-काळे पंख, शेपटीचं टोक काळं. तो चावत नाही. पण मानेवर बसला आणि आपण चापट मारून चिरडला, की त्याच्या अंगातला पेडेरिन नावाचा दाहक पदार्थ कातडीवर पसरतो. लगेच काही होत नाही, आग सुरू होते एक-दोन दिवसांनी. तोपर्यंत किडा कधीच विसरलेला असतो आणि भिंतीवर समोर दिसतो तो कोळी! हात पुसला त्या रेषेत पट्टा उठतो, म्हणून तो चट्टा असा ओढल्यासारखा दिसतो. कोपराच्या घडीत झाला तर समोरासमोर दोन उठतात.

लेप कसलाच नको. असा किडा अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवायचा, चिरडला गेलाच तर साबण-पाण्याने लगेच धुवायचं. फोड आले असतील तर डॉक्टरांना दाखवा, डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी. आणि मोठ्या माणसाला अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे दुखरे फोड उठले, तर ती नागीण असू शकते. तिची औषधं पहिल्या 72 तासांत सुरू झाली तर उत्तम लागू पडतात. तेव्हा कोळ्याला दोष देत घरी बसू नका.

प्रश्न : आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. लूमच्या फ्रेमवर, बीमवर हे कोळी फिरतात. सुतात जाळी करून माल खराब करतील का? कामगार फवारा मारू म्हणतात. (अशोक चौक परिसर)

नाही करणार. वर म्हटलं तसं हा जाळं विणत नाही. चालताना मागे एक धागा सोडतो, तो सुतापुढे काहीच नाही. तुमच्या छताला लोंबतं ते बहुतेक कापसाचं तूस, ते खऱ्या जाळीवाल्या कोळ्यांच्या जळमटांवर बसून त्याच्या माळा होतात. ते झाडूनच काढावं लागतं, फवाऱ्याने पडत नाही. उलट फवारलेलं औषध बंद शेडमध्ये बारा तास काम करणाऱ्यांच्या नाकात जाणार. कशाला?

प्रश्न : बाई, मी आठवीत आहे. मी या कोळ्यापुढे छोटा आरसा धरला तर त्याने पुढचे पाय वर केले आणि मागे सरकला. तो घाबरला का? कोळी झोपतो का? मला तो बाटलीत ठेवून निरीक्षण करायचं आहे. (विद्यार्थी, होटगी रोड)

शाब्बास. प्रश्न तीन विचारलेस, पण आरशाचा प्रयोग करून मग विचारलास याचे मार्क जास्त.

आरशात त्याला दुसरा कोळी दिसला, स्वतःचं प्रतिबिंब म्हणून नाही. पाय वर करणं ही त्यांची धमकी आहे. दोन नर समोरासमोर आले की असेच पाय पसरून, अंग उंचावून एकमेकांना जोखतात आणि बहुतेक वेळा लहान असलेला गुमान निघून जातो. मादीसमोर नर नाचतो तेव्हाही पुढचे पाय वर असतात, पण तो डौल वेगळा, बघितलास की कळेल. आरसा दोन-तीन मिनिटंच धर, त्याला उगाच दमवू नको. मोबाइलच्या पडद्यावर हलणाऱ्या ठिपक्यामागेही तो धावतो. लेझरच्या दिव्याने मात्र खेळू नको, त्याच्या डोळ्यांसाठीही नाही आणि तुझ्यासाठीही नाही.

झोपतो. रात्री कोपऱ्यात, चौकटीच्या फटीत रेशमाची पातळ पिशवी करून आत शिरतो. जर्मनीत एवार्का आर्क्युआटा नावाचा उडी मारणारा कोळी रात्री एका धाग्याला उलटा लटकून झोपतो असं दिसलं. त्याची पिल्लं इतकी पारदर्शक असतात की डोक्याच्या कवचातून डोळ्यातला पडदा हलताना दिसतो. संशोधकांनी रात्रभर कॅमेरे लावले, आणि झोपेत ठरावीक अंतराने डोळे हलतात, सोबत पाय आकडतात, असं 2022 मध्ये मांडलं. माणूस स्वप्न पाहतो त्या झोपेत आपलेही डोळे असेच हलतात. कोळ्याला स्वप्न पडतं असं मात्र त्यांनी ठामपणे म्हटलेलं नाही, तेव्हा निबंधात तसं लिहू नकोस.

आणखी एक तुझ्यासाठी. 2012 साली नेफर्टिटी नावाची एक उडी मारणारी मादी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर जाऊन आली. कल्पना इजिप्तमधल्या एका शाळकरी वयाच्या मुलाची, स्पर्धेत निवडली गेलेली. वजन नसताना उडी मारली तर खाली येणारच नाही, मग हा शिकार कशी करणार, हा त्याचा प्रश्न. तिने तिथे माश्या पकडल्या, जिवंत परत आली आणि पुन्हा इथल्या गुरुत्वाकर्षणाशी जुळवून घेतलं.

बाटलीचं : काचेची रुंद बरणी घे, तोंडाला पातळ सुती कापड बांध. आत एक काडी उभी ठेव. रोज पाण्याचा एक थेंब आतल्या बाजूला सोड, वाटी भरून नको. जिवंत माशी मिळाली तर आत सोड, मेलेली तो सहसा घेत नाही, हलत नसलेलं त्याच्या लेखी भक्ष्यच नाही. उन्हात बरणी ठेवलीस तर सोलापूरच्या एप्रिलमध्ये तासाभरात मरेल. एक-दोन दिवस बघून झालं की जिथून घेतलास तिथेच सोड. पोट फुगलेली मादी वाटली तर तिला उचलूच नको.

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. तिच्या घराच्या बाहेरच्या विटांवर उन्हात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा अगदी आपल्यासारखा उडी मारणारा कोळी दिसला. तोच का हा? एवढ्या थंडीत कसा? (निवृत्त बँक कर्मचारी, मुरारजी पेठ)

नात्यातला आहे, तोच नाही. त्याचं नाव साल्टिकस सिनिकस. लांबी 5 ते 7 मिलिमीटर, म्हणजे आपल्या भिंतीवरच्यांपेक्षा लहान. युरोपभर आणि उत्तर अमेरिकेत घरांच्या भिंती, कुंपणं, झाडांचे बुंधे, जिथे ऊन लागतं तिथे तो असतो. थंडीत फटीत दडून राहतो, वसंतात बाहेर येतो. तुम्ही बहुधा उन्हाळ्यात गेला होतात. त्याला शास्त्रीय नाव दिलं स्वीडनच्या कार्ल क्लर्क यांनी 1757 साली. प्राण्यांची शास्त्रीय नावं लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या 1758 च्या ग्रंथापासून मोजतात, अपवाद फक्त कोळ्यांचा. क्लर्क यांनी एक वर्ष आधी दिलेली नावं ग्राह्य धरली जातात.

आपल्याकडे भिंतीवर दिसतात त्यांत चपट्या अंगाचा करडा मेनेमेरस बायविटाटस असतो, सुमारे 9 मिलिमीटरचा. दुसरा प्लेक्सिपस, जरा दणकट, नर काळा आणि पांढऱ्या पट्ट्यांचा, मादी तपकिरी. हे दोघेही उष्ण प्रदेशांत जगभर पसरलेत, माणसाच्या सामानाबरोबर. एकूण घराणंच अवाढव्य : जगात कोळ्यांच्या नोंदलेल्या जाती 50,000 च्या वर, त्यांत उडी मारणाऱ्यांच्या 6,000 हून जास्त. हिमालयात 6,700 मीटर उंचीवरही एक सापडतो, वाऱ्याने वर उडून आलेले बारीक किडे खाऊन जगणारा. मेक्सिको आणि कोस्टा रिकात एक आहे तो बाभळीच्या जातीच्या झाडाच्या पानांच्या टोकांवर जगतो, चक्क शाकाहारी म्हणावा असा.

प्रश्न : विजापूर रोडच्या वनविहारात लिंबाच्या खोडावर मुंग्यांच्या रांगेशेजारी एक मुंगी वेगळी वाटली. फोटो मोठा केला तर आठ पाय! आणि आपल्या एखाद्या माणसाचं नाव कोळ्याला दिलंय हे खरं का? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी)

फोटो पाहिला. मिर्माराक्ने गटातला मुंगीवेशधारी कोळी आहे, आणि नर. पुढचे लांब जबडे बघ, मुंगीने तोंडात काहीतरी धरल्यासारखे दिसतात. पुढचे दोन पाय तो जमिनीवर टेकत नाही, मुंगीच्या मिशांसारखे हवेत हलवत चालतो. मुंग्या चावतात, आंबट लागतात, त्यामुळे पक्षी आणि इतर शिकारी त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. वेश घ्यायचं कारण तेच, मुंग्या खाणं नव्हे. पुढच्या वेळी काडीने हळूच ढोस. मुंगी पळेल. हा धागा सोडून खाली लोंबेल. वनविहारात सुकलेल्या सालीखाली आणि पाचोळ्यातही बघ, घरात न येणाऱ्या जाती तिथे भेटतील.

नावाचं खरं आहे. 2021 साली ठाणे-कल्याण परिसरातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला आयशियस तुकारामी असं नाव दिलं गेलं, 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. अशा नावांवर नाकं मुरडणारे आहेत. मला ते आवडलं.

प्रश्न : आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, पिंपं भरून ठेवावी लागतात, डास फार. घरात किती कोळी असावेत म्हणजे डास संपतील? (जुना विडी घरकुल)

कितीही असले तरी संपणार नाहीत. डास समोर आला तर तो खातो, पण त्याचा दिवसाचा खुराक थोडा आणि माशी मिळाली तर ती तो आधी घेईल. पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी एक जात आहे खरी, रक्त प्यायलेला डास मुद्दाम निवडून मारणारी. आपल्याकडे ती नाही. पिंपावर घट्ट कापड बांधा आणि आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडं करा. डेंग्यूच्या डासाच्या अळ्या त्याच पाण्यात आठ-दहा दिवसांत मोठ्या होतात, त्यांना कोळी काय करणार?

प्रश्न : खिडकीच्या चौकटीला मातीची घरटी होतात, फोडली तर आत मेलेले कोळी. कोण करतं हे? (दक्षिण कसबा)

कुंभारीण माशी. कोळी मेलेले नसतात, तिने नांगी मारून लुळे केलेले असतात. प्रत्येक खणात एक अंडं आणि तिच्या अळीला पुरेल इतका शिधा. आपला उड्या मारणाराही त्यात सापडतो. त्याच्या शत्रूंत पालीइतकाच हिचा नंबर.

प्रश्न : दिवाळीच्या आधी भिंती रंगवायच्या आहेत. फोटोफ्रेममागे पांढरी चिकट चपटी पिशवी आहे, वर कोळी बसून. काढू का? (साखर पेठ)

ती मादी आहे आणि खाली अंडी. पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती सहसा हलत नाही. रंग पुढे ढकलता येत नसेल तर जाड पुठ्ठ्याची कड पिशवीखाली घालून ती सावकाश सोडवा आणि मादीसकट बाहेरच्या भिंतीच्या सावलीतल्या फटीत ठेवा, कुंभारणीच्या घरट्यापासून लांब. मादी उडी मारून पळाली तर घाबरू नका, पिशवी तेवढी ठेवा. आणि हे काम रंगारी यायच्या आदल्या दिवशीच उरका. एकदा तो पॉलिशपेपर घेऊन भिंतीला भिडला की कुणाचं ऐकत नाही.